दाखल्यावरचं नाव

मिरजगाव व पंचक्रोशीतील तमाम मोबाईलधारकांस, मग त्यांच्या मोबाईलची काच शाबूत असो वा फुटकी, याद्वारे कळविण्यात येते की, येथील हायस्कूलचे सेवानिवृत्त मुख्य लिपिक श्री. गंगाधर वामन मुळे यांनी हयातभर कोणतीही वस्तू तिचे पूर्ण नाव विचारल्याशिवाय उघडली नाही. यात पाकिटे, पार्सले, फराळाचे डबे आणि मोबाईलवर येणाऱ्या लिंका या सर्वांचा समावेश आहे. एक वस्तू मात्र त्यांनी पूर्ण नाव कळल्यावरही तीस दिवस उघडली नाही. त्या प्रकरणाचा खुलासा खाली येत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.

ही सूचना मुळे भाऊसाहेबांच्या हाती पडली असती तर त्यांनी लाल शाईने फुटक्या काचेचा उल्लेख खोडून शेजारी 'अनावश्यक' असं लिहिलं असतं. मी त्याच शाळेत भूगोल शिकवतो, आणि माझी पत्रकं त्यांनी वर्षानुवर्षं अशीच तासली. आता तासायला कोणी उरलं नाही, म्हणून काच राहू दिली आहे.

आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब. पण मिरजगावात 'जरा भाऊसाहेबांकडं जाऊन येतो' एवढंच म्हटलं तर ते मुळ्यांकडेच असायचं. अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. समोर आलेली वस्तू आधी पालथी करून बघायची ही त्यांची जुनी खोड. चहाची बशीसुद्धा चहा ओतण्याआधी पालथी व्हायची. माझ्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट हातात दिलं, त्यावर पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट आणि पिनकोड घातलेला होता. पाठवणारा माझ्यासमोर उभा राहून जिलेबी खात होता.

त्यांचं खरं राज्य म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. गावातल्या प्रत्येक माणसाचं दाखल्यावरचं नाव त्यात. आता आमच्या भागात माणसाला दोन नावं असतात, एक हाक मारायचं आणि एक दाखल्यावरचं. हाक मारायच्या नावांत आमचा जिल्हा फार श्रीमंत. एस.टी. स्टँडवर उभं राहून 'ओ बाळासाहेब' असं ओरडा, नऊ माना वळतील आणि दहावा चहा टाकून धावत येईल.

असेच एक बाळासाहेब एकदा दाखला न्यायला आले. कपडे कडक इस्त्रीचे, मागे चार माणसं. मी खडू न्यायला आलो होतो, तो अर्थातच थांबलो.

"दाखला काढायचाय. बाळासाहेब नावानं बघा."

"ते लाडाचं नाव झालं," भाऊसाहेब रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाले. "दाखल्यावरचं नाव काय?"

"तेच असंल की."

"नाही."

गृहस्थांनी मागे पाहिलं. चारही माणसांचे कान उभे राहिलेले. माझे तर केव्हाच. भाऊसाहेबांनी त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, बोटाने ओळी उतरत गेले, एका जागी थांबले. मग चिठोऱ्यावर काहीतरी लिहून, घडी घालून त्यांनी ते पुढे सरकवलं. बाळासाहेबांनी चोरून वाचलं आणि मान हलवली. मी खडूचं निमित्त करून मान लांब केली, तर भाऊसाहेबांनी तळहात त्या चिठोऱ्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी एरवी फक्त परीक्षा हॉलमध्ये करतो.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "होतं तरी काय हो नाव?"

"तीन लेकरं गेल्यावर चौथ्याला आई जे नाव ठेवते, तसलं." त्यांनी चिठोऱ्याचे बारीक तुकडे केले. "खरं नाव आपल्याला माहीत पाहिजे, काळे सर. ते चारचौघांत ओरडायचं नसतं."

त्या दिवशी मी खडू न घेताच वर्गावर गेलो.

भाऊसाहेबांची बायको लवकर गेली. एकुलती मुलगी सुलभा, घरात बबी. बाप आणि लेक दोघंच राहत. बबी वडिलांना भाऊ म्हणायची. नगरला नोकरीला लागल्यावर तिने पहिलं काय केलं, तर वडिलांना मोबाईल घेतला. तो त्यांनी पालथा करून मागचा नंबर उतरवून घेतला आणि मगच चालू केला.

निवृत्त झाल्यावर त्यांची बैठक घराच्या ओट्यावर हलली. एका संध्याकाळी मी तिथं बसलो असताना आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर 'निवडणूक ड्युटीची यादी, तुमचे नाव पाहा' असा मजकूर आणि खाली एक आखूड लिंक आली. निवडणूक ड्युटी म्हटलं की शिक्षकाला आधी आपलं नाव शोधायची घाई होते. माझं बोट काचेला टेकणार, तोच भाऊसाहेबांनी मनगट धरलं.

"कोणाची?"

"ड्युटीची यादी आलीय, भाऊसाहेब."

"यादीचं नंतर. हिचं नाव काय?"

मी वाचलं. पाच-सात अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही.

"म्हणजे लाडाचं नाव. बंडू, पिंट्या. लाडाच्या नावानं दारात कोणीही उभं राहील. दाखल्यावरचं काढा."

मग त्यांनी मला ती विद्या दिली. लिंकेवर टिचकी मारायची नाही, बोट दाबून धरायचं. नक्कल करायची. आखूड लिंकेचं लांब नाव सांगणारी पानं असतात, तसं एक त्यांनी शोधून ठेवलं होतं. तिथं ती नक्कल चिकटवायची. काही लिंकांना शेवटी नुसतं अधिकचं चिन्ह लावलं तरी आत न जाता नाव कळतं. हा शोध त्यांना लागला त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला होता, पण कशाचा ते सांगितलं नव्हतं.

लांब नाव निघालं की ते वहीत उतरायचं. दोनशे पानी वही, वर 'आवक' असं लिहिलेली. कोणी आणली, लाडाचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि शेवटी शेरा.

"आता आडनाव शोधा," ते म्हणाले. "सुरुवातीच्या जोडरेघा सोडून द्या. पुढं पहिली एकटी तिरपी रेघ येईल तिथं थांबा. तिच्या लगेच आधी जे आहे, ते आडनाव. त्याच्या आधी कितीही मोठी नावं लावू द्यात."

"आणि रेघेच्या पुढचं?"

"ती गल्ली आणि घर नंबर. तिथं कोणीही काहीही लिहितं."

माझ्या यादीच्या लांब नावात सुरुवातीला निवडणूक होती, मध्ये महाराष्ट्र होता आणि तिरप्या रेघेच्या आधी कुठल्याशा लकी ड्रॉचं नाव होतं. भाऊसाहेबांनी ते लाल पेनाने अधोरेखित केलं. शेऱ्यात लिहिलं, 'घरात घेऊ नये.'

गावात हे पसरलं. चार ते सहा ओट्यावर माणसं मोबाईल घेऊन यायला लागली. त्यांच्यात शेवंताबाई पहिली. तिची अडीच एकर तूर, मुलगा सैन्यात, आणि जिभेला हाड नाही. एकदा ती तणतणत आली.

"भाऊसाहेब, पीकविम्याची यादी आली म्हंत्यात. उघडू का?"

"कुणाची लिंक?"

"सरकारची."

"सरकार हे नाव झालं. आडनाव?"

"आता सरकारला बी आडनाव असतं व्हय?"

"असतं. केंद्राचं असो नाहीतर राज्याचं, शेवटी जीओव्ही टिंब आयएन येतं. त्याच्या पुढं एक अक्षर नाही, थेट तिरपी रेघ." त्यांनी लांब नाव काढून मोबाईल तिच्यासमोर धरला. "हे बघा. यात जीओव्ही आहे, आयएन पण आहे. पण रेघ कुठंय?"

शेवंताबाई सहावीपर्यंत शिकलेली. तिने बोट सरकवत नेलं. "ती तर लई फुडं हाय. मधी आजून कायतरी घुसलंय."

"तेच आडनाव. बाकी सगळं उसनं."

"मेला!" शेवंताबाई मोबाईलला म्हणाली. "सरकारचा सदरा घालून आला व्हय माझ्या दारात!"

त्या दिवसापासून ती अर्ध्या गावाच्या लिंका स्वतःच तपासायला लागली. अडलं तरच ओट्यावर. कधी ओ या अक्षराच्या जागी शून्य बसवलेला असायचा, कधी एल जाऊन तिथं एक हा आकडा. ती ओळ भाऊसाहेब भिंगातून पाहत. दाखल्यावरची जन्मतारीख ब्लेडने खरवडून आणणारे पालक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. कागद उजेडाला धरला की खरवडलेली जागा पातळ दिसते. मोबाईलच्या काचेला तशी पातळ जागा नसते, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

मला एकदा खोडसाळपणा सुचला. भाऊसाहेब ओट्यावर बसल्या बसल्या झोपलेले असताना मी त्यांचा फोटो काढला, कुठेतरी चढवला, आखूड लिंक केली आणि त्यांनाच पाठवली. खाली लिहिलं, 'तातडीचे.' तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी शाळेच्या शिपायाबरोबर चिठ्ठी आली. 'आपली लिंक तपासली. आडनाव योग्य. उघडली असता आत एक इसम झोपलेला आढळला. इसम ओळखीचा आहे. पुन्हा पाठवू नये. मुळे.'

हे सगळं रंगवून सांगताना मला आनंद होतो हे खरं. पण त्या काळात त्या ओट्यावर बबीचं नाव निघत नसे.

झालं असं होतं. भाऊसाहेब एकदा कोणाच्या तरी दस्तासाठी नगरच्या कचेरीत गेले. नोटीस बोर्ड दिसला की तो वरपासून खालपर्यंत वाचायचा ही त्यांची दुसरी खोड. त्या बोर्डावर नोंदणी विवाहाच्या नोटिसा होत्या. त्यांतल्या एकीवर त्यांनी वाचलं, सुलभा गंगाधर मुळे. मध्ये स्वतःचं नाव. शेजारी वराचं नाव, विनय साळवे, पत्ता नगरमधल्या सावेडीचा. ते परत आले आणि स्टँडवरून आणलेली सायकल नेहमीच्या जागी लावली. दोन दिवसांनी बबी सांगायला आली, तेव्हा ते म्हणाले, "वाचलंय मी." एवढंच. लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर बोलणं बंद.

मुलगा जातीबाहेरचा म्हणून ते रागावले, असं गाव म्हणायचं. एकदाच त्यांनी माझ्याजवळ तोंड उघडलं. "जातीचं असतं तर मी तसं तोंडावर म्हटलं असतं, सर. माझं नाव बोर्डावर टाचणीनं टोचून लावलं होतं. वाऱ्यानं हलत होतं. येणारा जाणारा वाचत होता. आणि मला घरात कोणी सांगितलं नव्हतं."

अशी सहा वर्षं गेली. मिरजगावहून सावेडी म्हणजे एस.टी.ने दीड-दोन तास.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून त्यांना मेसेज आला. 'भाऊ, हे बघा. बबी.' खाली आखूड लिंक.

त्यांनी वही काढली. मी समोरच होतो. बोट दाबून धरलं, नक्कल केली, चिकटवली. लांब नाव निघालं. फोटो ठेवायच्या एका सगळ्यांना माहीत असलेल्या जागेचं होतं. रेघेच्या आधी आडनाव बरोबर, खाडाखोड नाही. एखाद्या पोराने केली असती इतकी सोपी तपासणी. भाऊसाहेबांनी सगळं उतरवलं, निळ्या पेनाने, आणि शेऱ्यात लिहिलं, 'तपासणी चालू.'

"आता काय तपासायचंय?" मी म्हणालो.

"नंबर अनोळखी आहे."

"बदलला असेल. खाली बबी लिहिलंय."

"बबी हे लाडाचं नाव. एका गल्लीत चार बब्या असतात."

"मग फोन करून विचारा ना."

त्यांनी वही मिटली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा पाहिलं. तपासणी चालू. पंचवीस दिवसांनीही तेच. मधल्या काळात त्यांनी गावाच्या चाळीसेक लिंका निकालात काढल्या. मी चेष्टा करून पाहिली, चिडवून पाहिलं. आयुष्यभर माझी जीभ चालली, पण त्या एका ओळीपुढे ती चालेना.

शेवटी शेवंताबाई आली. कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या लिंकेचं तिला विचारायचं होतं. तिने वहीत डोकावलं आणि बोट ठेवलं.

"ही कुणाची वो? म्हैना झाला की."

मी सांगून टाकलं. शेवंताबाईने ओळ वाचली, रेघ शोधली, आडनाव पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भाऊसाहेब, नाव बी बरं, आडनाव बी बरं. तुमीच शिकवलं ना आमाला, तपासायचं ते उघडायसाटी. ही तपासनी न्हाई. हा रुसवा हाय."

एवढं बोलून ती लग्नपत्रिका न तपासताच निघून गेली.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, मोबाईल घेतला आणि पहिल्यांदा त्या लिंकेवर टिचकी मारली. पांढरं पान आलं. मधोमध इंग्रजीत एक ओळ होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. लिंकेची मुदत तीस दिवसांची होती. आदल्या दिवशी संपली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पुन्हा मागवू."

त्यांनी ऐकलं नाही. "लग्नाच्या नोटिशीलाही तीस दिवस असतात," ते म्हणाले. "हरकत असेल तर तीस दिवसांत नोंदवायची. मी हरकत घेतली नाही, आणि हजरही राहिलो नाही." मग लाल पेन उघडून त्यांनी 'तपासणी चालू' खोडलं आणि लिहिलं, 'मुदत संपली. दोष तपासणाऱ्याचा.' खाली पूर्ण सही केली. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावावर लाल शाई वापरलेली मी पाहिली नव्हती.

"उद्या रविवार," ते म्हणाले. "येता का बरोबर?"

"फोन तरी करू आधी."

"नको. मूळ ठिकाणी जाऊनच बघायचं."

सकाळच्या गाडीला बसलो. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. लिंकेत काय होतं हे ठाऊक नसताना बाळंतिणीचे लाडू का केले, हे मी विचारलं नाही. कंडक्टर आला. जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून भाऊसाहेब कागदावरचंच नाव घेत.

"अहिल्यानगर, दोन," ते म्हणाले.

"म्हंजी नगरच ना?" कंडक्टरने विचारलं.

एरवी त्यावर पाच मिनिटांचं व्याख्यान झालं असतं. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हो. नगर."

"पत्ता आहे का तुमच्याकडे?" मी मध्येच विचारलं.

"नोटिशीवर होता."

सहा वर्षांपूर्वी एका बोर्डावर उभ्या उभ्या वाचलेला पत्ता. वहीत कुठेही नव्हता, मी नंतर सगळी वही पाहिली. ती आता माझ्याकडे असते.

भाऊसाहेब त्या दिवशी गेले ते मिरजगावला राहायला परत आलेच नाहीत. आठ महिन्यांनी नगरलाच वारले. मधल्या काळात भेटायला जायचं म्हणून मी दर रविवारी ठरवायचो. कधी पेपर तपासणी, कधी खरोखरची निवडणूक ड्युटी. राहून गेलं. त्यामुळे मला ते आठवतात ते त्या दारापुढे, मी दोन पायऱ्या खाली लाडवांची पिशवी धरून उभा असताना, पाठमोरे.

दुसरा मजला. दारावर लाकडी पाटी होती, दोन ओळींची. भाऊसाहेब पाटीजवळ वाकले. चष्मा वर केला, खाली केला. वरची ओळ, विनय साळवे. खालच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि सवयीने शेवटपर्यंत सरकवत नेलं. सुलभा मुळे. बोट तिथंच थांबलं. ते माझ्याकडे वळले.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "आडनाव तेच आहे."

मग त्यांनी सदरा नीट केला, खिशातली दोन्ही पेनं सरळ केली आणि बेल दाबली. आतून एका तान्ह्या बाळाचा आवाज आला, मग पावलं, आणि बंद दाराआडून बबीने विचारलं, "कोण आहे?"

भाऊसाहेब ताठ झाले. हाताची घडी घातली. शाळेत नाव घालायला आलेल्या पोरासारखे उभे राहिले आणि स्पष्ट आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, "मुळे, गंगाधर वामन. मुक्काम पोस्ट मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर."

आत काहीतरी पितळेचं पडलं आणि गरगरत राहिलं. कडी एकदा अडकली, मग निघाली. दार उघडलं. हातातलं बाळ सावरत, हसावं की रडावं हे न कळून, बबी मोठ्याने म्हणाली,

"अहो भाऊ, एवढं लांब नाव कशाला!"